पाण्याला वास मारतोय

सकाळी सव्वासहाला फोन वाजला की शहरातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आमच्या गावात येत नाही. इतक्या सकाळी फोन आला म्हणजे कुणी गेलेलं नसतं. पाणी आलेलं असतं, आणि पाण्यामागोमाग तक्रार.

“नाना, पाण्याला वास मारतोय.”

“कसला?”

“औषधाचा. चहा तोंडात धरवत नाही. सासूबाई म्हणतात, दवाखान्यात बसून चहा पितेय असं वाटतं.”

“बरं झालं,” मी म्हणतो.

पलीकडे क्षणभर शांतता. मग जरा घुश्शात, “काय बरं झालं? सासूबाईंचं?”

गेली तीन वर्षं मी गावच्या पाणीपुरवठा समितीचा सदस्य आहे. हे पद मी मागितलं नव्हतं. पोस्टातून निवृत्त होऊन गावी राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ग्रामसभा होती. मध्येच पुण्याहून मुलीचा फोन आला म्हणून उठून बाहेर पिंपळाखाली गेलो. पाच मिनिटांनी परत आलो तर टाळ्या वाजत होत्या. कुणाचा तरी सत्कार असेल म्हणून मीही वाजवल्या. टाळ्या माझ्यासाठी होत्या. ग्रामसभेतून फोन घ्यायला बाहेर जाऊ नये, हे मला पोस्टात कुणी शिकवलं नव्हतं.

माझी निवड कशी झाली ते नंतर कळलं. शिक्षण, अनुभव, सचोटी यांतलं काहीही चर्चेला आलं नव्हतं. आमचं घर पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला आहे, एवढीच माझी लायकी. पाण्याची तपासणी करायची तर टाकीपाशी करून भागत नाही, शेवटच्या नळावर करावी लागते, असा नियम आहे. शेवटचा नळ माझा. म्हणजे मी सदस्य नाही, नमुना आहे.

आता आमची योजना सांगतो. ओढ्याकाठी विहीर, विहिरीवर मोटर, टेकाडावर 50,000 लिटरची टाकी. टाकीतून खाली पाइप उतरतो आणि तीन वॉलपाशी त्याच्या वाटण्या होतात. आळीआळीने पाणी सुटतं, प्रत्येकीला पाऊण तास. गाव नऊशे माणसांचं. केंद्र सरकारने 2019 साली जल जीवन मिशन काढलं, तेव्हा माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने द्यायचं असं ठरलं. नऊशे गुणिले 55 म्हणजे 49,500. टाकीच्या पोटात हिशेब असा चपखल बसतो की वर 500 लिटर शिल्लक राहतात. ते बहुधा गळतीसाठी असावेत. म्हशी मात्र या हिशेबात कुणी धरलेल्या नाहीत, आणि आमच्या गावातली म्हैस माणसाच्या वाट्याचं पाणी एका बैठकीत संपवून वर शेपूट उडवते.

हे सगळं चालवतो तो आमचा पाणीवाला. शासनदरबारी त्याला ‘जलसुरक्षक’ म्हणतात. गाव त्याला “ए पाणी!” म्हणतं. वॉल फिरवायची लोखंडी चावी मारुतीच्या गदेसारखी खांद्यावर टाकून तो पहाटे साडेपाचला निघतो. त्याचा पगार दोनदोन महिने थकतो. पण नऊशे माणसांची पोटं रोज सकाळी त्याच्या हातात असतात, सरपंचांच्या नाही, तालुक्याच्या डॉक्टरांच्याही नाहीत. हे सांगून मी त्याला एकदा गहिवरून आणायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “मग पगाराचं बघा की नाना.”

नऊशे पोटांची जबाबदारी तो पेलतो ती पाव किलो पावडरीच्या जिवावर. या पावडरीला सरकारी भाषेत टीसीएल म्हणतात, दुकानात ब्लीचिंग पावडर आणि गावात नुसतं ‘औषध’. हजार लिटरला पाच ग्रॅम असं प्रमाण आहे, म्हणजे आमच्या टाकीला अडीचशे ग्रॅम. पण ग्रामपंचायतीचा तराजू कधीच बेपत्ता झालेला आहे. त्यामुळे मोजमाप वाटीने होतं. वाटी पाणीवाल्याच्या घरची. कधी आमटीची, कधी ताकाची. आमटीच्या वाटीचा दिवस असला की फोन येतात, ताकाच्या वाटीचा असला की गाव खूश.

पावडर थेट टाकीत ओतायची नसते. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. खाली उरतो तो चुना. पूर्वी शिडी मोडकी असल्यामुळे बादली घेऊन चढणं जिवावर यायचं, म्हणून पावडरीचं पुडकंच झाकणातून आत जायचं. याचा अर्थ ग्रामपंचायतीने गावाला काही वर्षं अक्षरशः चुना लावला. विरोधी गटाने निवडणुकीत हाच आरोप केला तेव्हा लोकांना तो अलंकारिक वाटला.

पावडरीचा स्वभाव मात्र नाजूक. ऊन, ओल, हवा यांतलं काहीही तिला सोसत नाही. तोंड उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि पिशवीत उरते ती नुसती पांढरी समजूत. आमची पिशवी दोन वर्षं ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कपाटात होती, तोंड उघडं. गावाच्या पाण्यासाठी आलेला क्लोरीन असा कपाटाच्या उपयोगी पडला. कपाट तळापासून गंजलं. कारकुनाचे डोळे वर्षभर पाणावलेले असायचे आणि दाखला न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटायचं, काय हो हा पोरगा, किती कनवाळू! जन्ममृत्यूची नोंदवही मात्र जिल्ह्यातली सगळ्यात निर्जंतुक असावी.

तर मुद्दा वासाचा. पाणी चांगलं की वाईट हे ओळखायची आमच्या गावाची पद्धत अशी. पेल्यात घेऊन उजेडाला धरायचं. नितळ दिसलं तर चांगलं. तोंडात घोळवायचं. गोड लागलं तर फारच चांगलं. वास आला तर वाईट. यात अडचण एवढीच आहे की कॉलऱ्याचे जंतू दिसत नाहीत, त्यांना चव नसते आणि वासही नसतो. ते इतके सभ्य असतात की पोटात जाईपर्यंत कुणाला कळत नाही. आणि ज्याने ते मरतात, त्याला मात्र वास असतो. तेव्हा गाव ज्याला वाईट पाणी म्हणतं ते चांगलं असतं, आणि ज्या दिवशी “आज कसं देवाच्या पाण्यासारखं आलंय” म्हणून गाव वाखाणतं, त्या दिवशी पाणीवाला बहुधा सासुरवाडीला गेलेला असतो.

गोड पाण्याचा विषय निघाला की आमचे आबा येतातच. आबा पंच्याऐंशीचे. त्यांच्या लेखी गावाला खरं पाणी पाजलं ते जुन्या बारवेनं. “पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि ओंजळीनं प्यायचं. अमृत रे, अमृत!” हे सांगताना आबा धोतर जरा वर घेऊन मांडी घालतात आणि डाव्या घोट्याच्या वरचा वण दिसतो. मी विचारलं, हे काय? “ते होय? नारू झाला होता. हातभर निघाला. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला की मेलोच.” नारू कशाने होतो? तर असं बारवेत उतरून पाणी पिण्याने. ज्याच्या पायाला नारू झालाय तो पाण्यात उभा राहायचा, नारू आपली अंडीपिल्लं पाण्यात सोडायचा, पाण्यातले बारीक किडे ती गिळायचे आणि ते किडे अमृताबरोबर आबांच्या पोटात जायचे. वर्षभराने नवा नारू पायातून डोकं बाहेर काढायचा. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी गाळून प्या, बारवेत उतरू नका, मुख्यतः एवढ्यावर हे काम झालं. त्याला ना लस होती, ना गोळी. मी हे आबांना सविस्तर सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण चव होती.”

वासाचं राजकारणही आहे. सरपंचांचं घर पाइपलाइनच्या सुरुवातीला, माझं शेवटी. टाकीतून निघालेला क्लोरीन वाटेत खर्च होत होत येतो. पहिल्या नळाला भपकारा, शेवटच्याला नुसती आठवण. सरपंच म्हणतात, पावडर कमी कर. मी म्हणतो, वाढव. पाणीवाला दोघांनाही “बरं” म्हणतो आणि वाटी बदलत नाही. नियम असा आहे की शेवटच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. म्हणजे पन्नास लाख भागांत एक भाग. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं चहा ओतून देतात.

मला मात्र ही शिल्लक कळली ती पोस्टामुळे. रजिस्टर पत्र टाकलं म्हणजे काम झालं असं नसायचं, पोहोचपावती परत यावी लागायची. टाकीत पावडर टाकणं म्हणजे पत्र टाकणं. वाटेत जंतू भेटले की क्लोरीन त्यांच्यावर खर्च होतो. सगळ्यांना पुरून तो शेवटच्या नळाला थोडातरी पोचला, तर काम झालं. वास ही त्याची पोहोचपावती आहे. माझ्या नळाला ती कित्येक महिने येत नव्हती आणि मी, उभा जन्म पोस्टात काढलेला माणूस, “आमच्याकडे बाकी पाणी गोड हो” असं पाहुण्यांना सांगत होतो.

हे उघडकीला आलं ते ओटीच्या दिवशी.

पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे बघायच्या चाचणीला आमच्याकडे ‘ओटी’ म्हणतात. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर कोरं राहतं. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी आदल्या दिवशी घरोघर निरोप दिला, “उद्या नऊ वाजता टाकीपाशी पाण्याची ओटी आहे, बायकांनी बघायला या.”

नऊच्या ठोक्याला टाकीखाली अकरा जणी हजर. अंगावर ठेवणीतली लुगडी, हातात ताटं. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण विहिरीची ओटी भरतो, नदीची भरतो. मग टाकीनेच काय घोडं मारलं? एका म्हातारीने खालपासून वरपर्यंत टाकीकडे निरखून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, “सातवा असंल.”

आशाताई हुशार. त्या हसल्या नाहीत की समजूतही घालत बसल्या नाहीत. “आधी माझी ओटी, मग तुमची,” म्हणाल्या. नळी भरली, थेंब टाकले, हलवली. पाणी हळूहळू पिवळं झालं.

“अगं बाई, हळद लागली!” म्हातारी ओरडली.

त्या एका वाक्याने जे झालं ते आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांनी इतक्या वर्षांत झालं नसतं. पिवळं म्हणजे हळद, हळद म्हणजे शुभ. त्या दिवसापासून आमच्या बायकांना क्लोरीन कळतो. मग खण-नारळ टाकीच्या पायाशी ठेवून ही वरात वॉलावॉलाने निघाली. सरपंचांच्या नळाला गर्द हळद. देवळापाशी फिकट. शाळेपाशी आहे की नाही यावर मतभेद. आणि माझ्या नळाला पाणी कोरंकरकरीत. थेंब वाढवले, नळी उन्हात धरली. काही नाही.

“नानांच्या दारापर्यंत वऱ्हाड आलंच नाही,” म्हातारी म्हणाली. “मधीच उतरलं कुठंतरी.”

निदान अचूक होतं. आशाताईंनी पिशवीतून छोटी बाटली काढली, तिच्यात माझ्या नळाचं पाणी भरलं आणि आमच्या हिच्याकडे दिली. “वहिनी, दीड दिवस उबेला ठेवा. पाणी काळं झालं तर मला फोन करा.” हिने बाटली स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवली, कैरीच्या लोणच्याशेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळी. पोस्टातल्या शिक्क्याच्या शाईसारखी. हिने पहिल्यांदा लोणचं फेकलं. मग मला हाक मारली.

बाटली काळी होण्याचा अर्थ सोज्वळ शब्दांत सांगायचा तर असा, की जे पोटातून बाहेर गेलेलं असतं ते कुठल्यातरी वाटेने पुन्हा पोटाकडे निघालेलं आहे.

मग शोधमोहीम निघाली. पुढे खांद्यावर गदा घेतलेला पाणीवाला, मागे आशाताई, मागे मी, मागे शाळेला दांडी मारलेली चार पोरं. शाळा ओलांडल्यावर गल्लीच्या वळणावर पाइप गटाराच्या आतून गेलाय. तिथे एक जोड आहे. जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तिच्यावर तार आवळलेली, तारेवर कुणीतरी श्रद्धेने एक प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. “ही दुरुस्ती कधीची?” “मागल्या यात्रेच्या आधीची. तात्पुरती केली होती.” आमच्या गावात तात्पुरत्या दुरुस्तीइतकं टिकाऊ काही नसतं.

पण मला एक शंका आली. गळतीतून पाणी बाहेर जाईल, गटार आत कसं येईल? पाणीवाल्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. पाणी चालू असतं तोवर पाइपात दाब असतो, तेव्हा पाणी बाहेरच गळतं. पाऊण तास झाला, वॉल बंद झाला की पाइप रिकामा होऊ लागतो आणि भोकातून आजूबाजूचं जे असेल ते आत ओढतो. चोवीस तास पाणी असतं तर हे झालं नसतं. ते पाऊण तास असतं म्हणून उरलेले सव्वातेवीस तास गटाराचे. “आणि शिवाय,” पाणीवाला म्हणाला आणि थांबला. आशाताईंनी पायाने दगड उडवला. पोरं माझ्याकडे बघू लागली.

“शिवाय काय?”

“शिवाय लोक नळाला मोटर लावतात. पाणी चालू असताना पण मोटर ओढते ना. जितकी मोठी मोटर, तितकं ओढणं.”

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. शेवटच्या घराला पाणी कमी येतं. कमी आलं की ही कमी बोलते, आणि ही कमी बोलली की घरात राहवत नाही. म्हणून गावी आलो त्याच आठवड्यात मी नळाला एक अश्वशक्तीची मोटर लावली होती. गावातली सगळ्यात मोठी. थोडक्यात, त्या सायकलच्या ट्यूबमधून गटार दररोज पाऊण तास जिवाच्या आकांताने खेचून स्वतःच्या माठात भरणारा माणूस समितीचा सदस्य होता. माझ्या घरच्या पाण्याची गोडी कुठून येत होती, याचा मी पुढे कधी विचार केला नाही. करू नये.

मोटर मी त्याच दिवशी काढली. ही आठवडाभर कमी बोलली. जोड काढून गटाराच्या वरून नवा पाइप नेला, त्याला समितीच्या तीन बैठका आणि अकरा चहा लागले.

मग मला मागची यात्रा आठवली. यात्रेला आमच्याकडे घरटी वीस पाहुणे असतात. त्या दोन दिवसांत सरपंचांनी पाणीवाल्याला सांगितलेलं असतं, “पाव्हण्यांच्या म्होरं वास नको. गावाची लाज आहे.” म्हणजे गावात माणसं तिप्पट, पाइपावर ताण तिप्पट, आणि नेमकी तेव्हाच पावडर बंद. तिसऱ्या दिवशी अर्धं गाव डबडं घेऊन पळत होतं. त्याचं खापर फुटलं मटणावर. दरवर्षी मटणावरच फुटतं. “मसाला जड झाला”, “बोकड म्हातारं होतं”, “वाटणात तेल फार”. त्या बोकडाने दोन तास रटरटा उकळून घेतलं होतं. त्याच्यासोबत बसलेल्या पाण्याच्या तांब्याला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही. आपल्याकडे एकदा बळी दिला की त्याच्यावरच केसही टाकता येते.

वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, आरोग्य खात्याची माणसं येऊन योजना तपासतात. विहिरीजवळ उकिरडा आहे का, टाकीला झाकण आहे का, वॉल गळतो का, टीसीएल शिल्लक आहे का. धोका 70 टक्के किंवा वर असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड, 30 ते 69 असेल तर पिवळं, त्याखाली हिरवं. लागोपाठ पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. आम्हाला पहिल्या वर्षी पिवळं मिळालं. गावाला पिवळं कार्ड मिळाल्याची बातमी फुटताच संध्याकाळी रेशन दुकानापुढे पिशव्यांची रांग लागली. दुकानदार दोन तास समजावत होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी टाकी धुतात. टाकी कधी धुतली त्याची तारीख टाकीवर रंगाने लिहायची असते. एका वर्षी घाई होती, तेव्हा आमच्या लोकांनी जुनी तारीख तेवढी धुतली.

झाकण, नवा पाइप, खरोखर धुतलेली टाकी आणि पोस्टातून मी जुना तराजू मिळवून दिला तो, या जोरावर पुढच्या एप्रिलात हिरवं कार्ड आलं. मी ही बातमी जर्सी सिटीतल्या पुतण्याला फोनवर कळवली. तो दहा वर्षं तिकडे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. बराच वेळ काही बोलला नाही.

योगायोग असा की आमच्या पावडरीचं नाव निघालं तेही त्याच्याच गावात. 1908 साली जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या डॉ. जॉन लील यांनी गावाला येणाऱ्या सगळ्या पाण्यात रोजच्या रोज ही पावडर, हीच, आपली ब्लीचिंग पावडर घालायला सुरुवात केली. अमेरिकेत गावाच्या पाण्यात असं नेमाने औषध घालायची ती पहिलीच वेळ. पाण्यावरून गावाचा आणि कंपनीचा कोर्टात दावा चालूच होता, त्यात ही भर. पाण्यात विष घालतो की काय हा माणूस! शेवटी निकाल पावडरीच्या बाजूने लागला आणि पुढे एकेक शहर तिच्या मागे गेलं. मी हे पुतण्याला सांगितलं. त्याने विचारलं, “काका, तेव्हा तिथल्या लोकांनी वासाची तक्रार केली असेल?” मी म्हटलं, तुझ्या शेजारणीला विचार, अजून करत असेल.

गावात आता शुद्ध पाण्याची यंत्रं विकणारी पोरंही येतात. पेल्यात दोन सळ्या बुडवतात, वायर लावतात आणि बघता बघता नळाचं पाणी शेवाळी-तपकिरी होतं. बाया किंचाळतात. मग यंत्राच्या पाण्यात तोच प्रयोग, पाणी नितळ. खरी गंमत सळ्यांची आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडाची सळई विरघळून गंज सुटतो. यंत्राच्या पाण्यात क्षारच नसतात, वीज वाहत नाही, सळई सुखरूप. त्या प्रयोगात जंतूंचा काही संबंध नसतो. टीडीएसचं तसंच. भारतीय मानकात तो लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेण्याजोगा धरलाय. पण तो मोजतो क्षार. माझ्या काळ्या बाटलीच्या पाण्याचा टीडीएस त्यांतल्या एका पोराने मोजला होता. म्हणाला, “काका, एकदम मस्त आहे.”

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले, संशयाची सुई पाण्याकडे वळली आणि पेपरात रोज क्लोरीन, क्लोरीन. मुलगी तिकडेच राहते. तिने पाणी उकळायला घेतलं आणि मला पहिल्यांदाच मानाने विचारलं, “बाबा, तुमच्याकडे कसं करतात?” त्या आठवड्यात आमच्या गावातही चमत्कार झाला. सव्वासहाला फोन आला, “नाना, आज वास कमी मारतोय. पावडर टाकली ना?” सासूबाईंनी स्वतः फोन केला होता. सरपंच जातीने टाकीवर चढले. पाणीवाल्याचा थकलेला पगार निघाला.

हे तीन आठवडे टिकलं. पेपरात दुसऱ्या बातम्या आल्या. काल सकाळी पुन्हा फोन, पुन्हा दवाखान्यातला चहा.

तर वाचकहो, तुमच्या गावातही एखादी टाकी असेल, एखादा पाणीवाला असेल. वास जातच नसेल तर पाणी भरून ठेवा आणि काही वेळाने चहा टाका, वास कमी होतो. नळाला मोटर असेल तर आजच काढा. आणि एखाद्या सकाळी नळाचं पाणी अगदी गोड लागलं, कसलाही वास आला नाही, तर पहिला फोन पाणीवाल्याला करा. नंबर नसेल तर घेऊन ठेवा. त्याचा पगार झाला का, तेही जाता जाता विचारा.